एका डोळ्याचा देवदूत

माझी वहिनी एर्मेलिंदा कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं सगळं काल्देरोन गाव सांगेल. गावाला सांगायला काय जातंय! मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहते आणि त्या नाताळात भीतीने तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी हातभर अंतरावरून पाहिलंय. माझं सोडा, मी मुळातच भित्री. उंदीर दिसला तरी खुर्चीवर चढते. पण वहिनी घाबरली तेव्हा मला कळलं की आपण आजवर नुसतंच किंचाळत होतो, घाबरलो कधीच नव्हतो.

आमचा धंदा पिठाचा. खायच्या पिठाचा नव्हे, ठेवायच्या. मैदा आणि सुताराचा पांढरा गोंद एकत्र मळायचा आणि त्याच्या बोटभर उंचीच्या मूर्ती करायच्या. मेंढपाळ, गाढवं, टोपीवाल्या बायका, देवदूत. वाळल्या की रंगवायच्या, वर वॉर्निश. गावात घरोघर हेच चालतं. आमच्या घरच्या पिठात मात्र आणखी एक वस्तू पडायची. माझी आई जाताना ती फक्त सुनेच्या कानात सांगून गेली, पोटच्या पोरीला नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. ती वस्तू म्हणजे बोरिक पावडर. झुरळं मारायला टाकतात ती. त्यामुळे आमच्या मूर्तीला कीड लागत नसे. मुंगीसुद्धा लांबून वळसा घालून जायची.

डिसेंबर लागला की राजधानीत, कितोच्या बागेतल्या नाताळच्या बाजारात आमची टपरी लागायची. माझा भाऊ आपारिसियो पिकअपमधून पेट्या न्यायचा, मी घासाघीस करायची आणि वहिनी टपरीच्या मागे स्टुलावर बसून मूर्तींचे डोळे काढायची. डोळे तिच्याशिवाय कुणी काढायचे नाहीत. मेणबत्तीवर टाचणी तापवायची आणि चेहऱ्यावर दोन बारीक चटके द्यायचे. तेवढ्याने मूर्ती तुमच्याकडे बघायला लागायची. मी एकदा काढले होते तर वहिनी म्हणाली, "बाल्बिना, हा देवदूत आहे की दारू पिऊन पडलेला तुझा नवरा?" तेव्हापासून मी हात लावला नाही.

आणि नाताळ तीन-चार दिवसांवर आला की ती खरीखुरी भट्टी लावायची. आमच्या वर टेकडीवर लोमा ग्रांदे नावाची वस्ती आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्यांची. तिथल्या पोरांना फादर दरवर्षी खाऊच्या पिशव्या वाटायचे. पिशवीत गोळ्या, एक संत्रं आणि वहिनीच्या हातचं एक बिस्किट. लोणी, अंडी, बडीशेप, काही कमी करायची नाही. मी म्हणायची, "अगं, लोणी कशाला? चरबी घाल, त्यांना काय कळतंय." त्यावर ती माझ्याकडे असं बघायची की मी परत चुलीकडे वळायची.

त्यामागे एक गोष्ट होती. ती लहान असताना तिचे आईबाप एका मोठ्या जमीनदाराच्या वाडीवर राबायचे. नाताळात मालकीणबाई राबणाऱ्यांच्या पोरांना रांगेत उभं करून एकेक बिस्किट द्यायच्या. मागच्या वर्षीचं, दगडासारखं, वाळलेलं. वहिनीचा दात त्याच्यावर तुटला. मालकीणबाई हसल्या. बास, एवढीच गोष्ट. पण तिचं म्हणणं, गरिबाला द्यायचं तर आजचं द्यावं, आणि तोंडात विरघळेल असं द्यावं.

बिस्किटांचा आकारही देवदूताचाच असायचा, कारण तिच्या बोटांना दुसरं काही सुचतच नसे. फरक एकच. खायच्या देवदूताला डोळे नाहीत. गावात लोक डोळेवाल्या पावाच्या बाहुल्या खुशाल खातात, पण आमच्या घरी माझ्या आईचा कायदा होता: बघणारी वस्तू तोंडात घालायची नाही. डोळे असले की ते ठेवायचं, नसले की खायचं. पोराटोरांच्या घरात विषाच्या मूर्ती करायच्या म्हणजे असा काहीतरी कायदा हवाच.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. कितोतल्या एका दुकानवाल्या बाईने बिनरंगाचे देवदूत मागितले. "अगदी पावासारखे दिसू देत, हल्ली गिऱ्हाइकाला साधंच आवडतं," म्हणाली. आणि पाऊस हटेना. गच्चीवर वाळणारे ट्रे सगळे खाली स्वयंपाकघरात आले, तिथेही वाळेनात, म्हणून वहिनीने ते भट्टीच्या उरलेल्या उबेत सरकवले. एका फळीवर खायचे, दुसऱ्या फळीवर ठेवायचे. दोन्ही तपकिरी, दोन्ही बिनडोळ्यांचे. घरभर बडीशेपेचा वास.

तिसरी गोष्टही होत होती, पण ती मला दिसली नाही. वहिनी सुईत दोरा ओवायला मला हाक मारायला लागली होती. कॉफी कपाबाहेर ओतायची आणि कपाला शिव्या द्यायची. मला वाटलं, कामाचा ताण.

तेवीस तारखेला सकाळी फादरांची गाडी येऊन पिशव्या घेऊन गेली. पिशव्या वहिनीनेच भरल्या होत्या, नेहमीसारख्या, कुणाला हात लावू न देता, घाईघाईत. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने खायच्या वस्तू हाताला पिशवी घालून उचला असं बजावलं होतं, म्हणून हातात प्लास्टिक. दादा अंगणात पिकअप धूत होता. वहिनी मेणबत्ती लावून दुकानवाल्या बाईचे देवदूत घेऊन बसली. मी भांडी घासत होते.

मला वास आला. जळक्या साखरेचा.

गोंदाचं पीठ जळलं की शिंग जाळल्यासारखी घाण सुटते, तिला माझं नाक वर्षानुवर्षं सरावलेलं आहे. हा वास तसा नव्हता. मी वळून बघितलं. वहिनीच्या हातातल्या देवदूताला एक डोळा झाला होता आणि दुसरीकडच्या गालाचा टवका तिच्या मांडीवर पडला होता. तिने तो टवका उचलला, नाकाशी नेला आणि जिभेवर ठेवला.

"बाल्बिना," ती म्हणाली. "हे गोड आहे."

"मग?"

"मग त्या पिशव्यांत काय गेलं?"

माझ्या हातातली बशी मोरीत पडली. मी ओल्या फरशीवरच बसले. वहिनी दुसऱ्या ट्रेमधले देवदूत एकामागून एक चावत होती. सगळे गोड. चावायची आणि थुंकायची, चावायची आणि थुंकायची, जणू एखादा तरी कडू निघेल आणि ती सुटेल.

"थांब आता!" मी ओरडले. "दादा! अरे दादा, गाडी काढ!"

दादा फडकं खांद्यावर टाकून शांतपणे दारात आला. त्याला कळायला जरा वेळ लागतो. "काय झालं? दुकानवाली बाई लवकर आली का?"

"पोरांना विष गेलंय, आपारिसियो," वहिनी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय सांगावं तसा. "माझ्या हातून गेलंय."

चर्चच्या ऑफिसात फोन लावला. वाजत राहिला. सगळे वर टेकडीवर गेलेले. वहिनीने तो एक डोळ्याचा देवदूत ॲप्रनच्या खिशात टाकला, टाचणी ॲप्रनच्या पट्टीला खोचली आणि गाडीत बसली. चपला घातल्या नव्हत्या. ते मला नंतर दिसलं.

नाताळाआधी आमच्या गावात बाळ येशूची मिरवणूक निघते, आणि ती नेमकी आमच्या वाटेत होती. पुढे बँड, मागे मेंढपाळांच्या वेषातली पोरं, फळांनी आणि दारूच्या बाटल्यांनी सजवलेले घोडे. दादाने हॉर्न वाजवला तर लोकांना वाटलं, आम्हीही मिरवणुकीतलेच. एका माणसाने खिडकीतून कागदाची फुलं आत टाकली. "नाताळच्या शुभेच्छा, एर्मेलिंदाबाई!" गोंडस पंख लावलेली एक चिमुरडी गाडीपुढे नाचत होती आणि हटायला तयार नव्हती. मी तिच्या पंखांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"दादा, बाजूने घाल ना!"

"कुठून घालू? घोड्यावरून?"

मी वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करतेय. वाकून ऐकलं तर ती हिशोब करत होती: "मूठभर पावडर एका परातीला. एका परातीत दोन ट्रे. एवढंसं पोर असेल तर..." मी तिचा हात घट्ट धरला. तो बर्फासारखा होता.

लोमा ग्रांदेच्या चर्चपुढे पोरं हुंदडत होती. चिखलात गोळ्यांचे चकचकीत कागद, संत्र्यांच्या साली. पिशव्या रिकाम्या. मी त्या रिकाम्या पिशव्या पाहिल्या आणि मला धरायला काहीतरी हवं होतं म्हणून मी गाडीचं दार धरलं. प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघत होते. कुणाचा ओठ निळा वाटला की काळजात धस्स व्हायचं, आणि जवळ गेल्यावर तो गोळीचा रंग निघायचा.

दादाने फादरांना गाठलं. फादरांचा चेहरा ऐकताऐकता उतरत गेला. ते धावत आत गेले आणि चर्चच्या भोंग्यातून त्यांचा आवाज आला: पिशवीतला देवदूत कुणीही खाऊ नका, ज्यांनी खाल्ला त्यांनी लगेच इकडे या.

मी डोळे मिटून उभी राहिले. कुणी आई किंचाळत येईल याची वाट बघत होते.

आल्या त्या बायका नुसत्या चालत आल्या. घाई नाही, काही नाही. सगळ्यांत पुढे वीटभट्टीवर राबणारी एक म्हातारी, हातात देवदूत. "कशाला ओरडताय फादर? हा घ्या. नाताळच्या गोठ्यात ठेवला होता, बाळ येशूच्या डोक्याशी."

मी तिच्या हातातून तो हिसकावला. आमचाच. कडक, जड. आणि त्याला डोळे होते, जळक्या काडीने काढलेले, एक वर, एक खाली.

"खाल्ला नाहीत?" वहिनीने विचारलं.

"खातंय कोण?" म्हातारी म्हणाली. "तुमच्या हातची मूर्ती! बाजारात एक घ्यायची म्हटली तर आमची आठवड्याची चूल विझेल. दरवर्षी पोरांना बजावतो, गोळ्या खा, पण देवदूत घरी आणा. आंधळा असतो बिचारा, म्हणून आम्हीच डोळे काढतो. नाहीतर बाळाची राखण कशी करणार तो?"

"दरवर्षी?" वहिनी म्हणाली.

"दरवर्षी. फक्त एक सांगू का, राग मानू नका. तुमचा माल टिकत नाही. जानेवारीत तीन राजांचा सण येईपर्यंत मुंग्या लागतात त्याला. यंदाचा बरा निघालाय, चांगला टणक आहे."

दुसऱ्या बायकांनीही आपापले देवदूत पुढे केले. सगळ्यांना डोळे. तिरळे, मोठाले, पापण्या काढलेले, एकाला तर मिशा. मला हसू फुटलं, रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि दादा माझ्या पाठीवर थापट्या मारत "झालं, झालं" म्हणत होता. माझा जीव भांड्यात पडला होता. वहिनीचा नाही. ती एकेक देवदूत डोळ्यांजवळ नेत होती, नाकाला टेकेल इतका जवळ, आणि बोटाने चाचपत होती.

"सगळे आले?" तिने विचारलं. "कुणी राहिलंय का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "ती समुद्राकडची. दिग्ना. गेल्याच महिन्यात आलीय, वीटभट्टीमागच्या खोलीत राहते. तिच्या पोरीने पिशवी नेली. पण त्यांना काय माहीत, इथे ठेवतात की खातात?"

मी आधी घाबरले होते असं म्हटलं ना? ती काहीच भीती नव्हती. आधी ती सगळ्या पोरांवर पसरलेली होती. आता तिला एक दार होतं, एक खोली होती आणि त्या खोलीत एक पोर होतं.

वहिनी अनवाणी धावत सुटली. चिखलात दोनदा पडली. दुसऱ्यांदा तर समोर दगडांचा ढीग होता, चांगला कमरेएवढा, आणि ती सरळ त्याच्यावरच गेली. मी तिला उठवताना ओरडले, "दिसत नाही का तुला?" तिने माझा हात झटकला. उठली आणि पुढे गेली.

खोलीचं दार उघडंच होतं. चार-पाच वर्षांची पोरगी खाटेवर मांडी घालून बसली होती, गाल फुगलेला. हातात देवदूत होता, पंख तुटलेला. चोखून चोखून त्याचं डोकं गुळगुळीत झालं होतं.

"थुंक!" वहिनीने तिच्या तोंडात बोट घातलं. "थुंक बाळा, थुंक!"

पोरगी तिला कडकडून चावली. मागून आई आली, हातात पाण्याची बादली. काळी, उंच, तगडी बाई. तिने बादली टाकली आणि वहिनीला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीवर ढकललं. "माझ्या पोरीला हात लावतेस?"

"त्यात विष आहे," वहिनी म्हणाली. "झुरळांचं. मीच केलंय ते. माझ्या चुकीने आलं. तिला उचल आणि चल, गाडी आहे. मला मागून मार."

दिग्नाने तिचे खांदे सोडले. मग तिने पोरीला उचललं.

गाडीत दिग्ना नुसत्या शिव्या देत होती. समुद्राकडच्या शिव्यांना खारं पाणी लागलेलं असतं, आमच्या डोंगरातल्या त्यांच्यापुढे अगदीच अळणी. "तुमचा नाताळ! तुमचा दानधर्म! गरिबाची पोरं म्हणजे झुरळं होय?" वहिनी मान खाली घालून म्हणत होती, "खरं आहे. बोल. खरं आहे." वळणावर पोरगी, सुल्मा तिचं नाव, ओकली. माझ्या मांडीवर ओकली, आणि मी देवाला म्हटलं, अजून ओकव, सगळं ओकव, हा झगा गेला तरी चालेल.

आरोग्यकेंद्रातल्या नर्सने तिला आत नेलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर बाकावर. दार हललं की आम्ही सगळे उभे राहायचो, आणि ते वाऱ्याने हललेलं असायचं. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं तोवर बरं होतं. मग ते थांबलं. दिग्नाने वहिनीचा हात धरला. ज्या बाईला मारायचं तिचाच हात धरला, कारण दुसरा कुणाचा नव्हता. दोघी तशाच बसल्या होत्या. दादाने टोपी काढून तोंडावर धरली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. काय वाचलं ते आजही सांगता येणार नाही.

नर्स बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. "पोट धुतलंय. फार गेलं नव्हतं, दातच लागत नव्हता त्याला. झोप लागली होती तिला. आता उठलीय आणि भूक लागली म्हणतेय. काहीतरी हलकं द्या."

दिग्ना रडली नाही. ती बाकावर आडवी झाली आणि तिने छताकडे तोंड करून आणखी एक सणसणीत शिवी दिली. कुणाला, ते कळलं नाही.

आत सुल्मा भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. वहिनीला पाहिल्याबरोबर तिने मूठ पुढे केली. "माझा देवदूत दे. तू घेतलास."

वहिनीने खिशात हात घातला. सकाळचा तो देवदूत निघाला, एका डोळ्याचा, गालाचा टवका उडालेला. लोणी, अंडी, बडीशेप.

सुल्माने तो फिरवून पाहिला. "ह्याला एकच डोळा आहे."

"दुसरा काढायचा राहिला."

"मग काढ."

वहिनीने ॲप्रनच्या पट्टीतली टाचणी काढली. देवदूत डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. टाचणीचं टोक एकदा त्याच्या कानावर टेकलं, एकदा तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर. मला दगडांचा तो ढीग आठवला. सुईदोरा, कपाबाहेरची कॉफी, सगळं आठवलं. मी हात पुढे केला, पण तिने टाचणी माझ्याकडे दिली नाही. ती दिग्नाकडे धरली.

"तू काढ बाई," वहिनी म्हणाली. "मला दिसत नाही. वर्ष झालं. मी कुणाला सांगितलं नाही."

दादाने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. दिग्नाने वाकून वहिनीच्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्यात आत पांढरं धुकं होतं. एवढ्या जवळ राहून आम्ही ते कधी बघितलं नव्हतं, आणि सकाळपासून तिला शिव्या देणाऱ्या या बाईने ते बघितलं.

दिग्नाने टाचणी घेतली आणि परत वहिनीच्या ॲप्रनला खोचून टाकली.

"डोळा कशाला?" ती म्हणाली. "तुमचं हे ठेवायचं की खायचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण पोरगी उपाशी आहे." मग पोरीकडे वळून, "आधी मी."

तिने एका पंखाचा कोपरा तोडून तोंडात घातला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. ती चावत राहिली, गिळला, जरा थांबली, आणि उरलेला देवदूत पोरीच्या हातात ठेवला.

"खा."

सुल्माने पहिल्यांदा डोळ्याचाच घास घेतला. कुडुम असा आवाज झाला, मग विरघळण्याचा, मग पुन्हा कुडुम. वहिनी खाटेच्या कडेला बसली आणि मान कलती करून, कान तिच्याकडे लावून ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिचं बिस्किट कुणीतरी खाताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.